भूगोलाचे खरात

बदनापूरच्या माणसाने घर घ्यायचं म्हटलं की त्याच्यापुढे ठरलेले रस्ते असतात. ऐपत बेताची असेल तर स्टेशनामागे प्लॉट. बरी असेल तर जालन्यात रो हाऊस. पोरगा इंजिनिअर झाला असेल तर संभाजीनगरला फ्लॅट, आणि पोरगा फारच शिकला तर पुण्यात, जिथे आईबाप बाल्कनीत बसून लिफ्टचा आवाज ऐकतात. आमच्या खरात सरांनी रिटायर झाल्यावर पोर्तुगालमध्ये घर घेतलं.

"गणित, घर घेऊन राह्यलो," सर एका सकाळी गच्चीवरून मला म्हणाले. त्यांची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती.

"कुठं?"

"पोर्तुगालात."

मला वाटलं, जालन्याच्या बाहेर एखादं नवीन ले-आऊट निघालं असेल. हल्ली ज्वारीच्या रानात चार खांब रोवतात आणि कमानीवर असलंच काहीतरी नाव टाकतात. मी विचारलं, "एन.ए. झालंय का ते?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते नकाशात गोदावरी उलटी वाहवणाऱ्या पोराकडे बघत.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते भूगोल शिकवत, मी गणित. सरांची एक सवय होती. ते शाळेत कुणालाच नावाने किंवा आडनावाने हाक मारत नसत. मी गणित, खेळाचे सर पीटी, विज्ञानाच्या मॅडम विज्ञान. मुख्याध्यापकांकडे कोणताच विषय नव्हता, म्हणून त्यांना ते शाळा म्हणत. "शाळा आली का हो?" असं त्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं की नवीन लागलेला शिक्षक दचकून खिडकीबाहेर बघायचा.

दुसरी सवय दुपारच्या झोपेची. मधल्या सुट्टीत डबा झाला की सर दोन बाकडी जोडत, भिंतीवरचा एक नकाशा गुंडाळून उशाला घेत आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागत. महाराष्ट्राचा नकाशा रोज लागायचा, भारताचा अधूनमधून लागायचा. युरोपचा कुणी मागायचं नाही, म्हणून उशाला कायम युरोप. पीटी म्हणायचे, "सरांचं डोकं युरोपात गेलं ते तवाच गेलं." घंटा झाली की सर उठून तोंडावर पाणी मारत आणि ताजेतवाने होऊन वर्गावर जात. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर काहीही न लिहिता म्हणायचे, "पोरांहो, भूगोल म्हंजे नद्या अन् डोंगर न्हाईत. कोण कुठं राह्यतो अन् का राह्यतो, ते विचारणं म्हंजे भूगोल." पोरं ते वहीत उतरवून घेत. परीक्षेत तो प्रश्न कधीच आला नाही.

सर आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले तेव्हाची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. घर मालकांचं. मालक म्हणजे खाली किराणा दुकान चालवणारे, माणूस सरळ, पण गल्ली काय म्हणेल याची धास्ती घेऊन जन्माला आलेले. मीच सरांना तिथे घेऊन गेलो होतो. मालकांनी गूळ तोलता तोलता विचारलं, "आडनाव काय म्हणले?"

"खरात."

आमच्याकडे खरात तीन-चार समाजांत सापडतात. त्यामुळे मालकांचा पुढचा प्रश्न आपोआप आला. "कोणते खरात?"

"भूगोलाचे," सर म्हणाले.

मालक हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यात घर मिळून गेलं. भूगोलाचे खरात म्हणजे कोणते, हे मालकांना चौदा एप्रिलला कळलं, जेव्हा सर आणि वहिनी पांढरे कपडे घालून जयंतीच्या मिरवणुकीला निघाले. पण तोवर मालकांची मुलगी सरांकडे फुकट शिकवणीला बसत होती आणि तिला पहिल्यांदा भूगोलात पास होण्याची आशा वाटायला लागली होती. मालकांनी त्या महिन्याचं भाडं मोजून घेतलं. सर राहिले. तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची एवढं ते घर होतं. तरी सर शाळेतून निघताना कायम म्हणायचे, "चला, खोलीवर जातो." माझी बायको म्हणायची, "एवढं मोठं घर अन् खोली काय म्हणतात हो?" मी म्हणायचो, कॉलेजात खोली करून राहिलेल्या माणसाच्या तोंडात ते बसलेलं असतं.

एक प्रसंग मात्र आठवतो. एका वर्षी जयंतीच्या आधी सर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. दार फार कळकट झालं होतं. डब्याचं झाकण उघडलं तर आत निळा. मालक दुकानातून उठून आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "सर, रंग कोणताबी मारा. हिरवा मारा, पिवळा मारा. निळा तेवढा नगं. लोक बोलत्यात."

सर म्हणाले, "बराबर हाय. दार तुमचं हाय." त्यांनी झाकण ठोकून बसवलं. नंतर मालकांनी स्वतः दोनदा पिवळा रंग आणून दिला, पण सरांनी तो लावला नाही. ते दार तसंच बिनरंगाचं राहिलं.

सर रागावले होते का, हे विचारायची सोय नव्हती, कारण ते रागाची गोष्टसुद्धा हसू येईल अशी सांगत. त्यांच्या नोकरीची गोष्ट तशीच. भोकरदन तालुक्यातलं त्यांचं गाव. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. पोरगा मास्तर झाला तेव्हा बापाने अख्ख्या गावाला चूलबंद आवतण दिलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. आमच्या भागात यापेक्षा मोठं आमंत्रण नाही.

"मंग? आले का लोक?" मी विचारलं होतं.

"आले की. सगळे आले," सर म्हणाले. "अंगणाच्या बाहेर उभं राहून म्हणले, पोरानं नाव काढलं. अन् मंग कुणाचं पोट दुखून राह्यलं, कुणी आत्ताच जेवून आल्तं, कुणाला उपास व्हता. एवढ्या मोठ्या गावाला एकाच दिवशी उपास मी पुन्हा न्हाई पाह्यला. काही जण तर पितळी डबे घेऊन आल्ते. म्हणले, शिजवलेलं नगं, कोरडा शिधा द्या, आमी घरी करून खातो."

"अन् जेवण?"

"खीर लई उरली. गव्हाची. तीन दिवस आमीच खाल्ली. मंग आंबली तवा म्हशीला घातली. म्हशीला उपास नव्हता."

एवढं सांगून सर मोठ्याने हसले आणि मीही हसलो. नंतर बायकोला सांगताना मात्र हसू आलं नाही.

आता पोर्तुगाल. सरांची एकुलती मुलगी प्रज्ञा तिकडे लिस्बनला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. रिटायर झाल्यावर सर आणि लता वहिनी तिच्याकडे गेले. पहिल्या आठवड्यात प्रज्ञाने त्यांना किल्ले, चर्च, समुद्र सगळं दाखवलं. सरांनी ते शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखं मान डोलावत पाहिलं. मग ती त्यांना गाडीने दक्षिणेला घेऊन गेली. तो मुलूख उघडा, कोरडा, उन्हाने भाजलेला. पिवळी रानं, मधूनच एखादं झाड, आणि लांबवर टेकाडावर पांढरं गाव. अलेंतेजू म्हणतात त्या भागाला.

"गणित, मला वाटलं अंबडच्या रस्त्यालाच लागलो," सर परत आल्यावर सांगत होते. "अन् प्रज्ञा म्हणली, अप्पा, बाकीचे पोर्तुगीज या लोकांना हसतेत. म्हणतेत, लई सुस्त हायेत, हळू बोलतेत, हळू चालतेत. मी म्हणलं, थांब! पुण्याचे लोक मराठवाड्याला हेच म्हणतेत की. म्हंजे आपलेच भाऊबंद निघाले."

एका गावात पाणी घ्यायला गाडी थांबवली. दुपारची वेळ. दुकानं बंद, दारं बंद, खिडक्या बंद. अख्खं गाव झोपलेलं. कुत्र्याने एक डोळा उघडून यांच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला. प्रज्ञा पाणी शोधायला गेली, वहिनी गाडीत बसल्या. सर एका घराच्या भिंतीला टेकून दगडी बाकावर बसले आणि त्यांनाही झोप लागली. रिटायर झाल्यानंतरची पहिली खरी झोप, असं ते म्हणत.

जाग आली ती समोर एक म्हातारी उभी होती म्हणून. काळा झगा, पायात सपाता. शेजारच्या घरातली. तिने पाण्याचा काचेचा ग्लास त्यांच्यापुढे धरला होता.

"तिनं ग्लास माझ्या हातात दिला, गणित. आडनाव तर राहू द्या, नाव बी न्हाई विचारलं. मी पाणी पेलो. तिनं ग्लास घेतला अन् राह्यलेलं पाणी सोता पिऊन टाकलं. गेली आत."

मग सरांनी वळून आपण टेकलो होतो ते घर पाहिलं. चुन्याने रंगवलेलं पांढरं घर. खाली जमिनीलगत हातभर रुंद पट्टा आणि दाराभोवती चौकट, दोन्ही निळी. आमच्याकडे जयंतीला असतो तोच निळा. समोरचं घर तसंच, पलीकडचंही तसंच. तिथे तो रंग पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याला कुणी काही म्हणत नाही. सर टेकले होते त्या घराच्या दारावर एक पाटी होती. प्रज्ञाने ती वाचून सांगितलं, विकायचंय.

स्वस्त होतं. आपल्या स्टेशनामागच्या प्लॉटहून स्वस्त, कारण तरुण पोरं शहरात गेली आणि गावात म्हातारे उरले. तिथल्या नियमाने घर आपलं असलं तरी सलग तीनच महिने राहता येतं. सर म्हणाले, "चालतंय. आपल्याकडं उलटं हाय. जलमभर राहा, पण घर कुठं बांधायचं ते गाव ठरवतं."

बातमी फुटल्यावर बदनापुरात सरांना रोज दहा जण कारण विचारायचे आणि सर दहा कारणं सांगायचे. पीटीला म्हणाले, "दुपारच्या झोपेसाठी. सगळं गाव झोपतं, बोअरची मशीन न्हाई, डीजे न्हाई." विज्ञानाच्या मॅडमना म्हणाले, "कोथिंबिरीसाठी. तिथले लोक सूपात बी कोथिंबीर टाकतेत." मालकांना म्हणाले, "हवा कोरडी हाय, गुडघे दुखत न्हाईत." इंग्रजीच्या सरांनी तोंड वाकडं करून विचारलं, "भाषा कशी जमणार तुम्हाला?" तर म्हणाले, "अर्धी पोर्तुगीज आपल्या मोरीत पडलेली हाय. साबण तिकडचा, बादली तिकडची, घमेलं तिकडचं. चावी बी तिकडची. दार उघडून आंघोळ केली की झालं."

लता वहिनींचा मात्र साफ नकार होता. वहिनी अंगणवाडीत नोकरी केलेल्या, सगळ्या गल्लीतल्या पोरांची वजनं त्यांना तोंडपाठ. "तुमी जा झोपायला," त्या म्हणाल्या. "झोपायला माणूस एवढं लांब जातो का? माझी भिशी हाय, माझ्या पापडाच्या बाया हायेत. तिकडं मी कुणाशी बोलू, त्या भिंतीशी?"

सरांनी वाद घातला नाही. एका संध्याकाळी गच्चीवर आम्ही तिघं होतो तेव्हा ते म्हणाले, "लता, एकडाव चल. तिथं चूलबंद आवतण द्यायचं हाय मला. तुझ्या हातची खीर पायजे. लोक जेवले तर घर ठेवू. न्हाई जेवले तर इकून टाकू अन् खोलीवर येऊ परत, बिलकुल नाव काढणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घर इकत घेतल्यानं आपलं होत न्हाई, गणित. लोक येऊन जेवले की मंग होतं."

वहिनी काही वेळ खाली मालकांच्या दुकानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "गहू भिजवून, कांडून न्यावं लागंल. तिकडं उखळ नसंल." म्हणजे होकार.

त्या जेवणाच्या दिवशी आम्ही सगळे माझ्या घरी जमलो होतो. प्रज्ञाने तिकडे व्हिडिओ कॉल लावून फोन कपाटावर उभा करून ठेवला होता आणि आमच्या पोराने तो कॉल टीव्हीवर जोडून दिला होता. तिथे दुपार, आमच्याकडे संध्याकाळ. पीटी, विज्ञान, इंग्रजी, शाळा सगळे हजर, मध्ये चिवड्याची परात. मालकही दुकान लवकर बंद करून आले होते. क्रिकेटचा सामना बघावा तसे आम्ही बसलो होतो.

सर आदल्या दिवशी पोर्तुगालमधल्या त्या गावात दारोदार फिरले होते. प्रज्ञा बरोबर असून तिला त्यांनी फक्त शेवटचं वाक्य बोलू दिलं. बाकी स्वतःच हाताने चूल दाखवायची, फुंकर मारून विझवायची, आणि आपल्या घराकडे बोट करायचं. वहिनींनी येसर मसाल्याची झणझणीत आमटी केली होती, भात, पुऱ्या, वांग्याची भाजी आणि एवढं मोठं पातेलंभर गव्हाची खीर. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे.

"टाइमावर येतेत का बघू," पीटी म्हणाले.

टाइमावर आले. पहिली तीच म्हातारी, मारिया तिचं नाव. तिच्या हातात फडक्याने झाकलेलं भांडं. तिच्यामागे एक म्हातारा काठी टेकत, त्याच्या बगलेत टोपली. मग दोघी बहिणी, दोघींच्या हातात झाकलेली भांडी. मग आणखी माणसं. ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी झाकलेलं.

सर हात जोडून उभे होते. पहिल्या भांड्याला त्यांचं हसू होतं. दुसऱ्याला होतं. मग ते कमी होत गेलं. मी गणित शिकवतो, पण त्या दिवशी सरांच्या तोंडावर जे घटत होतं ते मला मोजवलं नाही. ते मागे सरकले, वहिनींच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले. फोन जवळच होता, आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

"लता, भांडे घेऊन आल्यात गं. इथं बी."

माझ्या घरात चिवड्याचा आवाज थांबला. इंग्रजीचे सर चष्मा पुसायला लागले. मालक खाली बघत होते. ती पितळी डब्यांची गोष्ट सरांनी आमच्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी हसत हसत सांगितलेली होती, आणि आता कुणी कुणाकडे बघेना.

सर टीव्हीतून दिसेनासे झाले. आतल्या खोलीत गेले असावेत. वहिनी हातात पळी धरून तशाच उभ्या. प्रज्ञा घाईने आत गेली, तिचा आवाज येत होता. "अप्पा, तसं न्हाई ओ. इथं कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जाताना रिकाम्या हातानं न्हाई जात. आपल्यासाठी आणलंय त्यांनी. अप्पा, ऐका तरी."

"मी चूलबंद सांगितल्तं," सरांचा आवाज आला. तो मास्तरांचा नव्हता.

मारियाबाईंना यातलं काय कळलं देव जाणे. त्या टेबलापाशी गेल्या, मधोमध सरांसाठी मांडलेली थाळी उचलली, आपलं भांडं उघडलं आणि त्यातलं त्या थाळीत वाढलं. पावाचे तुकडे, वर पातळ रस्सा, लसूण आणि मूठभर कोथिंबीर. मग तिथली एक रिकामी थाळी घेऊन त्या वहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी भात वाढला, आमटी वाढली. मारियाबाईंनी चमचा शोधला, सापडला नाही, तशा हातानेच पहिला घास घेतला. येसर आमटी ती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकला. त्यांनी बाहीने डोळे पुसले, काहीतरी बोलल्या आणि थाळी पुन्हा पुढे केली.

"काय म्हणली ती?" शाळा ओरडले, जणू फोनशिवायच आवाज तिथपर्यंत पोचवायचा होता.

प्रज्ञा आतून धावत आली होती. ती हसत म्हणाली, "अजून वाढा म्हणतेत."

मग सर बाहेर आले. त्यांनी आपली थाळी बघितली, पावाचा तुकडा उचलला, खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. मग एकदम मास्तरांचा आवाज परत आला. सगळ्या पोर्तुगीजांना उद्देशून शुद्ध बदनापुरी मराठीत ते म्हणाले, "चूलबंद म्हंजे चूल बंद! या डावाला माफ. पुढच्या डावाला हातात भांडं दिसलं तर बाहेर उभं करीन!" त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा तासभर सर वाढत होते. आपल्याकडे पंगतीत जसा आग्रह करतात तसा. खिरीची पळी घेऊन ते एकेकाच्या मागे उभे राहत. तो काठीवाला म्हातारा थाळीवर आडवा हात धरायचा आणि सर त्याच्या बोटांच्या फटीतून खीर सोडायचे. दोघी बहिणी हसून लाल झाल्या होत्या. इकडे पीटी टीव्हीला सांगत होते, "सर, त्या टोपीवाल्याला वाढा, त्याची थाळी रिकामी हाय."

शेवटी सर कपाटाजवळ आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी ते मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, फोनसमोर आडवं केलं आणि मग उपडं धरलं. काहीच पडलं नाही.

"गणित, बघा. खीर संपली."

ते हसत होते की रडत होते, मला टीव्हीवर नीट दिसलं नाही. माझ्या डोळ्यांचाही त्यात भाग असेल. विज्ञानाच्या मॅडम सरळ उठून स्वयंपाकघरात गेल्या. मालक बऱ्याच वेळाने म्हणाले, "खीर चांगली व्हती वाटतं," आणि दुकान उघडायचं आहे म्हणून निघून गेले. दुकान त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

तीन महिने झाल्यावर सर-वहिनी परत आले. आता वहिनीच तिकडचं जास्त बोलत. तिथे ऊन उतरलं की बायका खुर्च्या घेऊन दारासमोर बसतात. वहिनींची खुर्ची मारियाबाईंच्या शेजारी. भाषा कोणती, असं विचारलं तर म्हणायच्या, "सुनांच्या तक्रारी हो. त्या सगळ्या भाषेत कळतेत." मारियाबाईंना कुठली सून आणि वहिनींना तर सूनच नाही, पण मी विषय वाढवला नाही. झोपेसाठी गेलेल्या सरांना बिचाऱ्यांना झोप मिळत नव्हती. गावात एकटे तेच गुडघे न कुरकुरणारे, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांच्या भिंतींना चुना लावायचं काम त्यांच्यावर आलं होतं.

पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले तेव्हा मी आणि मालक स्टेशनवर सोडायला गेलो. मुंबईची गाडी यायची होती. वहिनी दोन बॅगांवर लक्ष ठेवून बसल्या होत्या, एकीत कांडलेले गहू होतेच. सर सांगत होते की दाराभोवतीचा पट्टा उन्हाने फिका पडलाय, या वेळी दोन हात मारायचे आहेत.

मालकांनी तेव्हा पिशवीतून कागदाची एक मोठी पुडी काढली. "नीळ हाय," ते म्हणाले. सरांकडे न बघता, रुळांकडे बघत. "दुकानात पडून व्हती. आता कपड्याला कोण लावतंय? चुन्यात बसती चांगली. तिकडं भेटती का न्हाई, म्हणून आणली."

सरांनी पुडी हातात घेतली. तिचं वजन बघितलं. म्हणाले, "लई झाली की मालक."

"चौकट मोठी हाय म्हणत व्हते ना. मारा चांगली दोन डाव."

सरांनी मालकांच्या दंडावर हात ठेवला आणि तो काही वेळ तिथेच राहिला. तेवढ्यात गाडी आली, बॅगा चढवायची धावपळ झाली. सर दारात उभे राहिले. गाडी हलली तसा फलाटावरचा सरांचा कुणीतरी जुना विद्यार्थी, खांद्यावर बियाण्याचं पोतं घेतलेला, ओरडला, "सर, कुठं निघाले?"

"घरी!" सर ओरडले.

त्यांनी हात हलवला. पुडी मघाशी हातात घेतली तेव्हाच दाबात फुटली असावी. तळहात निळाभोर झाला होता आणि शर्टाच्या बाहीलाही लागलं होतं. डबा वळणाला जाईपर्यंत तो हात दिसत होता.

मालक रुळांकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सरांनी शर्ट खराब करून घेतला." मग स्वतःच्या दंडाकडे बघितलं. तिथे चार बोटं आणि अंगठा, नीट उमटलेले.

"झटकून टाका, सुकीच हाय," मी म्हणालो.

"असू द्या," मालक म्हणाले, आणि तसेच बाजारातून चालत दुकानाकडे गेले.